होन्याचे बंड आणि डोपामाइनचे जनुक

महादेव कोळी आणि मेंदूतले डोपामाइन यांची गाठ विज्ञानाच्या कागदावर पडून वीस वर्षे उलटली. पडली ती गुन्हे तपासणाऱ्या शास्त्राच्या दालनात, मानसोपचार विभागात नव्हे. २००३ साली ‘फोरेन्सिक सायन्स इंटरनॅशनल’ या नियतकालिकात सोनाली गायकवाड आणि व्ही. के. कश्यप यांचा एक निबंध आला. कातकरी, पावरा, महादेव कोळी आणि ठाकूर या पश्चिम भारतातल्या चार जमातींच्या डीएनएमधल्या १५ खुणा त्यात मोजल्या होत्या. गुन्ह्याच्या जागी सापडलेले रक्त अमक्याचेच, असे न्यायालयात सांगायचे तर त्या खुणा त्याच्या समाजात किती जणांत आढळतात हे आधी माहीत असावे लागते. तेवढ्यासाठी हा खटाटोप. जगभरच्या पोलिसांच्या वापरात असलेल्या या ठरावीक खुणांपैकी एकीचे नाव आहे टीएच०१.

ही खूण ११व्या गुणसूत्रावर ज्या जनुकात बसली आहे, ते जनुक टायरोसिन हायड्रॉक्सिलेज नावाचे विकर तयार करते. आपण खाल्लेल्या प्रथिनांतून टायरोसिन मिळते. हे विकर त्याचे एल-डोपा करते आणि एल-डोपापासून डोपामाइन होते. उत्साह, हालचाल, एखाद्या गोष्टीची ओढ लागणे, या सगळ्यात ज्याचा हात असतो तेच हे डोपामाइन. (भीमाशंकरच्या जंगलात फिरणाऱ्याला एल-डोपा अगदीच परका नाही. अंगाला लागली की नाचायला लावणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत तो भरपूर असतो. १९३७ साली मद्रासच्या दोन शास्त्रज्ञांनी तो त्या बियांतून वेगळा काढला, आणि कंपवातावर ही बी देण्याची आयुर्वेदाची रीत तर त्याच्याही कितीतरी आधीची.) टीएच०१मध्ये डीएनएची चार अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, कोणात सहा वेळा, कोणात सात, कोणात नऊ, तर कोणात नऊ वेळा आणि वर तीन अक्षरे. चीनमध्ये नऊवाला प्रकार निम्म्याच्या आसपास असतो, युरोपात नऊ-अधिक-तीनवाला सर्वांत जास्त, आफ्रिकेत सातवाला. म्हणजे मेंदूच्या रसायनाशी नाते सांगणाऱ्या जनुकातली ही खूण जनसमूहागणिक वेगळ्या प्रमाणात सापडते, यात वाद नाही.

वाद पुढच्या पायरीवर सुरू होतो. १९९०च्या दशकात काही संशोधकांनी हीच खूण स्किझोफ्रेनिया आणि आत्महत्येच्या प्रयत्नांशी जोडून पाहिली. रुग्णांची संख्या लहान, निष्कर्ष डळमळीत. पण ‘डोपामाइनच्या जनुकातला फरक’ आणि ‘अमुक जमात’ हे दोन शब्दप्रयोग एका वाक्यात आले की वाचणाऱ्याच्या मनात तिसरा शब्द आपोआप उगवतो: स्वभाव. आणि स्वभावाच्या बाबतीत जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या महादेव कोळ्यांवर शिक्के मारून झाले आहेत, तेही जनुक ही चीज कोणाला ठाऊक नव्हती तेव्हापासून.

१८३०च्या दशकात कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने महादेव कोळ्यांवर सविस्तर टिपण लिहिले. तो ज्या पोलीस दलाचा अधिकारी होता, त्या दलाचे काम याच कोळ्यांची बंडे मोडण्याचे. माहिती मोलाची आहे, पण लिहिणारा कोणत्या बाजूला उभा होता हे विसरून चालत नाही. पुढे कोळ्यांच्या बंडाचे म्होरके राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यानंतर जेमतेम दहा वर्षांनी, १८५७ची धामधूम पेटल्यावर, इंग्रजांनी नटल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली याच कोळ्यांची एक पलटण उभी केली. बंडखोर रक्ताचे म्हणून ज्यांना हिणवले, तेच आता डोंगरात चालायला काटक आणि भरवशाचे ठरले. १८६१मध्ये गरज सरली आणि पलटण मोडली.

मग १८७३मध्ये आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होन्या केंगले उठला. पुणे, नगर, ठाणे, नाशिक या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यातल्या सावकारांवर त्याने धाडी घातल्या. कित्येकांची नाके कापली. १८७५च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा दंगा झाला तेव्हा होन्या मोकळाच होता. १८७६मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडले. आता होन्याच्या मेंदूतले डोपामाइन किती होते, हे कोणी मोजलेले नाही आणि मोजण्याची गरजही नाही. कर्जात जमिनी कशा गेल्या याचे कागद पुरेसे बोलके आहेत. सुप्याचे दंगेखोर साधे कुणबी होते. त्यांच्याबद्दल रक्ताचा सिद्धांत कोणी मांडला नाही. डोंगरातल्यांच्या बाबतीत मात्र तो लगेच मांडला जाई. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला तो याच समजुतीवर: सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगार जमातीत जन्मलेला गुन्हेगार होणार. मुंबई इलाख्यात तो १९११नंतर लागू झाला आणि देशभरातून १९५२ साली रद्द झाला. जन्मावरून हजेरी लावण्याचा तो प्रकार कागदावरून गेला, डोक्यातून गेला का, हे पारध्यांच्या पालावर जाऊन विचारावे.

हाच प्रकार एकविसाव्या शतकात प्रयोगशाळेचा कोट घालून परत आला. २००६ साली न्यूझीलंडमधल्या एका संशोधकाने माओरी लोकांत ‘योद्ध्याचे जनुक’ जास्त असल्याचे सांगितले. हे जनुक म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए, मेंदूतले सेरोटोनिन आणि डोपामाइन यांची विल्हेवाट लावणाऱ्या विकराचे. त्याचा मंद चालणारा प्रकार सुमारे ५६ टक्के माओरी पुरुषांत सापडला, आणि वर्तमानपत्रांनी त्यावरून माओरींमधली हिंसा, दारू, तुरुंगातली संख्या, सगळ्याचा उलगडा केला. चर्चेत एक आकडा मागे पडला. चिनी पुरुषांत तोच प्रकार ७७ टक्क्यांपर्यंत आढळला होता. चिन्यांना जन्मजात मारकुटे म्हणायला कोणी धजावले नाही, कारण तसा शिक्का आधी तयार नव्हता. माओरींसाठी तो तयारच होता, फक्त चिकटवायचा होता.

दुसरे उदाहरण तर जुन्नरच्या माळावर उभे राहून तपासता येते. डोपामाइन ग्रहण करणाऱ्या डीआरडी४ या जनुकाचा ‘सात पुनरावृत्तीं’चा प्रकार नावीन्याच्या ओढीशी जोडला गेला. १९९९मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काहींनी ३९ जनसमूहांची तुलना करून सांगितले की जे समूह पूर्वी जास्त लांब भटकत गेले, त्यांच्यात हा प्रकार जास्त. दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडे बोट दाखवता आले; तिथे प्रमाण बरेच मोठे आहे. पण त्याच्या तीन वर्षे आधीच्या जागतिक पाहणीत दक्षिण आणि पूर्व आशियात तोच प्रकार शंभरात दोन इतकाही भरला नव्हता. आता जुन्नरच्या शेतांत मेंढरे बसवणाऱ्या धनगरांच्या वाड्याकडे पाहा. पावसाळा संपला की बिऱ्हाड घोड्यावर टाकून शेकडो मैल चालायचे, अंधारात बिबट्यापासून मेंढरू राखायचे, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्यांना ‘भटक्या जनुका’ची गरज पडलेली दिसत नाही. त्यांच्या मूळ मुलखात पाऊस कमी पडतो, एवढे कारण पुरते. बरे, धनगर हा एकच समूह म्हणावा, तर मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या धनगरांत आपापसातच लग्ने करणारे वीसहून अधिक वेगवेगळे गट नोंदवले होते.

तिसरी गोष्ट सेरोटोनिनची. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि १५१ माणसे गेली. वाचले ते कामाला, शाळेला किंवा परगावी गेले म्हणून. अशा आघातानंतर कोण खचतो आणि कोण सावरतो? २००३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका गाजलेल्या निबंधाने उत्तर दिले होते: सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या जनुकाचा आखूड प्रकार ज्याच्याकडे आहे, तो आघाताने नैराश्यात जाण्याची शक्यता जास्त. हा आखूड प्रकार पूर्व आशियात सत्तर-ऐंशी टक्के, युरोपात चाळीसच्या आसपास. मग काय विचारता, पूर्वेकडची माणसे समूहाला धरून का राहतात याचेही स्पष्टीकरण यातून काढले गेले. २०१९मध्ये रिचर्ड बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी हे जनुक आणि नैराश्याशी जोडली गेलेली आणखी १७ नामांकित जनुके, लाखो लोकांची माहिती घेऊन तपासली. सर्वांत मोठ्या नमुन्यात चार लाखांहून जास्त माणसे होती. त्या १८ जनुकांचा नैराश्याशी संबंध कुठल्याही यादृच्छिक जनुकाहून अधिक निघाला नाही. दोन दशकांचे शेकडो निबंध वाऱ्यावर गेले. २०२५मध्ये सुमारे पन्नास लाख लोकांच्या अभ्यासातून नैराश्याशी नाते असलेल्या जनुकीय जागा जवळपास सातशे मिळाल्या, प्रत्येकीचा वाटा अगदी किंचित. माळीणच्या माणसांना त्या सातशेतले काय लाभले होते हे सांगून त्यांचे दुःख मोजता येणार नाही. गाडली गेलेली घरे मात्र मोजता आली.

मग जनसमूहांतले फरक म्हणजे निव्वळ थोतांड म्हणायचे का? तसे म्हणणारेही चुकतात, आणि त्यांची चूक आदिवासींनाच महागात पडते.

आधी हे पाहू की जुन्नरसारख्या ठिकाणी ‘वंश’ म्हणजे काय. नाणेघाटातून कोकणातला माल दोन हजार वर्षांपूर्वी वर चढत होता. जुन्नरच्या लेण्यांत स्वतःला यवन म्हणवणाऱ्या इरिल, चिट आणि चंद या तिघांचे दानलेख आहेत. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भोजनमंडप, एकाने गर्भद्वार. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथियोपियात जन्मलेल्या मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ जुन्नरला आणली. ही माणसे नुसती शिलालेख खोदून परत गेली नसणार. रिचर्ड लिवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवले की माणसांमधल्या जनुकीय वैविध्याचा सुमारे ८५ टक्के भाग एकाच समूहातल्या दोन माणसांत सापडतो. समूहासमूहांतला फरक उरलेल्यात बसतो. म्हणजे जांभोरीतल्या दोन शेजाऱ्यांत जो फरक निघेल, तो बहुतेक खुणांच्या बाबतीत जांभोरीकर आणि नारायणगावकर यांच्या सरासरीतल्या फरकाहून मोठा.

पण भारतात आणखी एक गोष्ट घडली. कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि डेव्हिड राइक यांच्या चमूंनी २००९पासून केलेल्या कामातून दिसते की चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी या देशात सर्रास मिसळण झाली आणि मग दारे बंद झाली. जातीत आणि जमातीतच लग्ने होऊ लागली. ज्या समूहाचे मूळ स्त्री-पुरुष थोडे होते, त्यात एखादा दुर्मीळ जनुकीय बदल साठत गेला. आंध्र-तेलंगणातले वैश्य, ज्यांना मराठवाड्यात कोमटी किंवा आर्यवैश्य म्हणतात, हे याचे ठळक उदाहरण. त्यांच्यातल्या काहींत ब्युटिरिलकोलीनएस्टरेज हे विकर जवळजवळ नसते; हे प्रमाण इतर समूहांच्या सुमारे शंभरपट आहे. कोलीन गटातल्या रसायनांचे विघटन करणारे हे विकर. एरवी माणसाला त्याची उणीव कळतही नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञाने स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलीन टोचले की कळते. इतरांचा श्वास काही मिनिटांत परत येतो, या रुग्णाला काही तास यंत्रावर ठेवावे लागते. इथे रुग्णाचा समाज विचारणे हा जातीयवाद नाही, जीव वाचवणारा प्रश्न आहे.

मेंदूच्या औषधांबाबत असे प्रश्न बरेच आहेत. फिट येणाऱ्यांना दिले जाणारे कार्बामाझेपिन स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे. पण एचएलए-बी १५:०२ हा जनुकीय प्रकार असलेल्याला त्यातून अंगभर कातडी सोलवटून निघण्याचा जीवघेणा विकार होऊ शकतो. २००४मध्ये तैवानच्या रुग्णांत हे लक्षात आले, २००७मध्ये अमेरिकेने आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी इशारा काढला. २००९मध्ये भारतीय डॉक्टरांनी असा विकार झालेले आठ रुग्ण तपासले, तर सहा जणांत तोच प्रकार निघाला. नैराश्यावरच्या एस्सिटॅलोप्राम, अ‍ॅमिट्रिप्टिलिन या गोळ्या यकृतातले सीवायपी२सी१९ हे विकर पचवते. ते अगदी मंद असलेली माणसे युरोपीयांत शंभरात दोन-तीन, दक्षिण आशियात त्याच्या तिपटीच्या घरात. अशा माणसाला नेहमीची मात्रा जास्त होते. चक्कर येते, तोंड कोरडे पडते, तो गोळी सोडतो, आणि घरचे म्हणतात, डॉक्टरचा गुण आला नाही, देवऋषाकडे नेऊ.

महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांच्यात या दोन प्रकारांचे प्रमाण किती, हे कळले तर उपयोग आहे. त्यासाठी त्यांचा स्वभाव कसा, हे विचारावे लागत नाही. जगातल्या जनुकीय अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी २०१९पर्यंत ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा १६ टक्के असताना. ‘जीनोम इंडिया’ने देशभरातल्या ऐंशीहून अधिक जनसमूहांतल्या जवळपास दहा हजार माणसांचे जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५मध्ये ती माहिती संशोधकांना खुली केली, ही चांगली सुरुवात. तिचा फायदा घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयातल्या औषधाच्या चिठ्ठीपर्यंत पोहोचायला मात्र आधी तिथे मनाच्या आजाराची चिठ्ठी लिहिणारा माणूस लागतो. भीमाशंकरच्या अंगाच्या वाड्यांपासून येरवड्याचे मनोरुग्णालय शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक फुकट आहे, फक्त फोनला रेंज लागते.

दरम्यान, या माहितीचा एक गैरवापर अगदी शेजारी बसला आहे. जमातीच्या दाखल्यांची पडताळणी हा महाराष्ट्रातला कायमचा धगधगता विषय. पडताळणी समित्यांची आजची चौकट ज्या निकालातून आली, तो १९९४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महादेव कोळी दाखल्याच्याच प्रकरणातला. रीतिरिवाज, देवदेवता विचारून जमातीशी जवळीक तपासण्याची पद्धत हा निर्णायक पुरावा नव्हे, असे त्याच न्यायालयाने मार्च २०२३मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितले. उद्या कोणीतरी म्हणेल, मग डीएनएच तपासा, एका झटक्यात खरे-खोटे कळेल. नाही कळणार. कोणत्याही खुणेचे प्रमाण समूहाचे असते. एकट्या माणसाच्या टीएच०१मध्ये सहा निघाले की नऊ, यावरून तो महादेव कोळी की सोनकोळी हे ठरत नाही. जमात हा कायद्याचा आणि इतिहासाचा दर्जा आहे, यकृतातल्या विकराचा नव्हे. असली मागणी पुढे आली तर ती पहिल्याच दिवशी फेटाळली पाहिजे, मग ती खोटे दाखले पकडायला निघालेल्या खऱ्या आदिवासींकडून का येईना.

रक्त घेणाऱ्यांचेही पाहावे लागेल. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या हवासुपाई जमातीने १९९०पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. नंतर त्यांना कळले की त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनियाचे आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराचे काम झाले, त्यांना न विचारता. खटला चालला. २०१०मध्ये संशोधन करणाऱ्या विद्यापीठाने ४१ जणांना सात लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. आपल्याकडे आदिवासींचे रक्त सध्या मोठ्या प्रमाणावर घेतले जात आहे. जुलै २०२३मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेचे लक्ष्य सात कोटी लोकांच्या तपासणीचे आहे, आणि ते काम हवेच आहे. प्रश्न उरलेल्या नमुन्याचा. तो फेकला जाणार की साठवला जाणार, त्यावर उद्या मेंदूच्या आजारांचे संशोधन झाले तर कोणाला विचारणार, निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापून झाल्यावर गावात मराठीत कोण सांगणार?

जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला तलाव, गौण वनोपज, बाजार यांबाबत बोलण्याचा अधिकार दिला. रक्ताचा उल्लेख त्यात नाही, कारण तेव्हा कोणाच्या मनात तो आला नव्हता. राज्याने आपल्या पेसा नियमांत एक कलम वाढवावे: जमातीच्या नावाने होणाऱ्या कोणत्याही जनुकीय संशोधनाला व्यक्तीच्या सहीबरोबर ग्रामसभेचा ठराव लागेल, नमुन्याचा दुसरा वापर करायचा तर दुसरा ठराव लागेल, आणि निष्कर्ष छापण्याआधी ग्रामसभेपुढे वाचले जातील. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहेच. शिष्यवृत्ती आणि आश्रमशाळांच्या फायलींशेजारी या ठरावांची एक फाईल ठेवायला त्याला फारसा खर्च येणार नाही.